चासी यायची, गाडी नागपुरात व्हायची : सुटे भाग की तयार वाहन, या वादाची शंभर वर्षे

१/
नागपूरकरांच्या मागच्या दोन-तीन पिढ्यांना एक दृश्य चांगले परिचित आहे. महामार्गावरून ट्रकच्या उघड्या सांगाड्यांची रांग येत असे. इंजिन, चाके आणि स्टिअरिंग जागच्या जागी. मात्र केबिन नाही, दार नाही, हौदा नाही. कामचलाऊ आसनावर, डोळ्यांना गॉगल आणि तोंडाला फडके बांधून चालक बसलेला. ही अर्धी गाडी कुठून येत होती आणि ती अर्धीच का विकली जात होती? 🧵

२/
या प्रश्नाचे लहान रूप खेळण्यांच्या जगात सापडते. रेडिओ नियंत्रणावर धावणारे ‘नायट्रो ट्रक’ हा जगभरचा एक महागडा छंद आहे. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांच्या मिश्रणावर चालणारे छोटेसे खरे इंजिन त्यात असते. या छंदातला जुना वाद असा : सुट्या भागांची पेटी आणून ट्रक स्वतः बांधावा, की पेटीतून काढताच धावणारा तयार ट्रक विकत घ्यावा?

३/
जपानच्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये आपली पहिली रेडिओ-नियंत्रित मोटार बाजारात आणली, ती सुट्या भागांच्या संचाच्या रूपात. बांधणी हाच तेव्हा छंदाचा अर्धा भाग होता. पुढे १९८६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील ट्रॅक्ससने तयार गाड्यांवर भर दिला. तिचा १९९९ चा ‘टी-मॅक्स’ हा नायट्रो ट्रक तयार अवस्थेतच विकला गेला आणि अमाप लोकप्रिय झाला.

४/
संचाचे समर्थक म्हणतात, बांधणाऱ्यालाच गाडी कळते. मोडली तर तोच दुरुस्त करतो. तयार गाडीचे समर्थक म्हणतात, कारखान्यातील जुळणी अचूक असते. नवख्याच्या हातून स्क्रू सैल राहण्याचा धोका उरत नाही. दोन्ही युक्तिवाद खरे आहेत. आणि हेच दोन युक्तिवाद भारतात खऱ्याखुऱ्या ट्रकबाबत गेले शतकभर चालू आहेत. त्याची सुरुवात मुंबईच्या शिवडीत झाली.

५/
१९२८ मध्ये अमेरिकेच्या जनरल मोटर्सने शिवडी येथे जुळणी कारखाना सुरू केला. शेवरले मोटारी, ट्रक आणि बसचे सांगाडे तेथे उभे राहू लागले. फोर्डनेही त्याच सुमारास भारतात कंपनी स्थापन करून मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे जुळणीचे काम आरंभले. सुटे भाग लाकडी खोक्यांतून जहाजाने येत आणि येथील कामगार ते जोडत.

६/
यामागे भारतीयांना यंत्रविद्या शिकवण्याचा हेतू नव्हता. तयार ट्रक जहाजात फार जागा अडवतो. सुटा केलेला ट्रक थोड्या जागेत मावतो. भाडे वाचते, जकातीचा हिशेब सोयीचा होतो आणि जोडणीची मजुरी येथे स्वस्त पडते. शिवडी हे गोदीच्या शेजारचे ठिकाण निवडले गेले, तेही याच हिशेबाने.

७/
येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. जोडणे आणि बनवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. शिवडीचा कामगार पिस्टन जागेवर बसवू शकत होता; पण तो पिस्टन ओतायचा कसा, त्याचा धातू कोणता, हे ज्ञान अमेरिकेतच राहत होते. सूचनापत्रिका कितीही तपशीलवार असली, तरी तिच्यात ‘हे असेच का?’ याचे उत्तर छापलेले नसते.

८/
हा भेद ज्यांनी फार लवकर ओळखला त्यांत सोलापूरचे वालचंद हिराचंद होते. भारतात मोटारीचा कारखाना काढावा, यासाठी सर मो. विश्वेश्वरय्या १९३० च्या दशकात मुंबईत प्रयत्नशील होते. वालचंदांनी तो ध्यास पुढे नेला. ब्रिटिश सरकारचे साहाय्य मिळाले नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी सहकार्य ठरले.

९/
१९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या वर्षीच, प्रीमियरच्या कुर्ला येथील कारखान्यातून वाहने बाहेर पडू लागली. डॉज, डी सोटो आणि फार्गो ही नावे ट्रकच्या कपाळावर झळकली. सुरुवात येथेही सुट्या भागांच्या जोडणीनेच झाली. मुंबईतच महिंद्रांनी विलीज कंपनीच्या जीपचे सुटे भाग आणून त्या जोडण्याचे काम सुरू केले, तेही याच काळातले.

१०/
दरम्यान दुसऱ्या महायुद्धाने तिसरा मार्ग दाखवला होता. सैन्याला चिलखती गाड्या तातडीने हव्या होत्या. तेव्हा कॅनडातून फोर्डचे सांगाडे मागवून त्यांवर भारतीय पोलादाचे कवच जमशेदपूरला चढवले गेले. सैनिक या गाडीला ‘टाटानगर’ म्हणत. धावणारा भाग परदेशी आणि वरचा साज देशी, ही विभागणी पुढे ध्यानात ठेवावी. नागपूरच्या कथेत ती पुन्हा येणार आहे.

११/
स्वातंत्र्यानंतर सरकारपुढे प्रश्न होता : परकीय चलन तुटपुंजे आहे, मग वाहने आणायची कशी? १९४९ मध्ये पूर्ण तयार वाहनांच्या आयातीवर बंदी आली. सुटे भाग मात्र आणता येत होते. म्हणजे ‘संच चालेल, तयार नको’ असे धोरण झाले. परंतु काही वर्षांतच सरकारच्या लक्षात आले की केवळ संच जोडत राहिल्यानेही देशात मोटार-उद्योग उभा राहत नाही.

१२/
टॅरिफ कमिशनने मोटार-उद्योगाची चौकशी करून १९५३ मध्ये अहवाल दिला. त्याचा रोख स्पष्ट होता. ज्या कंपन्यांकडे भाग भारतातच बनवण्याचा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम आहे त्यांनाच पुढे वाव. ज्या निव्वळ जोडणी करतात त्यांना नाही. सरकारने हे धोरण स्वीकारले. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. शिवडीची जुळणी १९५४ मध्ये थांबली.

१३/
सुमारे पाव शतक शिवडीत वाहने जोडली गेली. आणि कंपनी गेल्यावर भारतीय बनावटीचा शेवरले ट्रक असा काही मागे उरला नाही. कसबी कामगार उरले, मिस्त्री उरले, त्यांनी पुढे अनेक गॅरेजे चालवली, हे खरे. पण वाहनाचा आराखडा, साचे आणि निर्णय घेण्याचा अधिकार कधीच या किनाऱ्यावर उतरला नव्हता.

१४/
याच १९५४ साली उलट दिशेची घटना घडली. टाटांच्या टेल्को कंपनीने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरहून पहिला टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक बाहेर पडला. आरंभी त्यातही आयात भाग मोठ्या प्रमाणात होते. म्हणजे पेटी येथेही होतीच. फरक करारात होता : एकेक भाग क्रमाने भारतात बनवत जायचा होता.

१५/
करार १९६९ मध्ये संपला. ट्रकच्या कपाळावरील तीन टोकांची चांदणी गेली आणि तिच्या जागी टाटांचे स्वतःचे चिन्ह आले. ट्रक धावतच राहिले. त्याआधीच, १९६० च्या दशकात, टेल्कोने पुण्याजवळ पिंपरी-चिंचवड परिसरात नवा कारखाना उभारायला घेतला होता. एकाच प्रकारच्या पेटीतून शिवडीत एक निष्पत्ती झाली, जमशेदपुरात दुसरी.

१६/
आता नागपूर. हजिरा ते पारादीप आणि श्रीनगर ते कन्याकुमारी हे दोन महामार्ग या शहरापाशी एकमेकांना छेदतात. आज त्यांचे क्रमांक ५३ आणि ४४. जुन्या चालकांच्या तोंडी ते अजूनही ‘सहा नंबर’ आणि ‘सात नंबर’. वाहतुकीचा धंदा येथे वाढला यात नवल नाही. अमरावती रस्त्यावरील वाडीची ओळखच ट्रक आणि गोदामे यांवरून झाली.

१७/
या धंद्याला लागणारा ट्रक कारखान्यातून पूर्ण येत नसे. टाटा असो वा मद्रासची अशोक लेलँड, कंपनी प्रामुख्याने चासी विकत असे : इंजिन, गिअरपेटी, आस, पाटे, चाके आणि फार तर पुढचा दर्शनी पत्रा. केबिन आणि हौदा बांधण्याचे काम मालक आपल्या पसंतीच्या बॉडी-बिल्डरकडे सोपवत असे. ‘धावणारा भाग कारखान्याचा, वरचा साज स्थानिक’ ही युद्धकाळातली विभागणी बाजाराचा नियम झाली.

१८/
यामागे ठोस कारणे होती. विदर्भातला माल पाहिला तरी ती उमगतात. चंद्रपूर-उमरेडच्या कोळशाला एक प्रकारचा हौदा लागतो, संत्र्याच्या पेट्यांना दुसरा, कापसाच्या गाठींना तिसरा. कोळशाला मजबूत तळ हवा. संत्र्याला हवा खेळती राहील अशा फटी हव्यात. गाठींना उंच फाळके हवेत. दूरच्या कारखान्याला इतके प्रकार घडवणे परवडणारे नव्हते. गल्लीतल्या कारागिराला ते सहज जमत होते.

१९/
दुसरे कारण दुरुस्तीचे. एक-दोन ट्रकांच्या मालकाला गाडी उभी राहणे परवडत नाही. लाकडी फळी तुटली की सुतार ती दुपारपर्यंत बदलून देई. लोखंडी पट्टी वाकली की लोहार ती सरळ करी. सुतार, लोहार, वेल्डर, गादी शिवणारा, तारा जोडणारा, रंगारी अशी एक संपूर्ण साखळी एका ट्रकवर जगत असे. गाडीच्या मागे लिहिलेले शेरही याच साखळीतल्या शेवटच्या माणसाच्या हातचे.

२०/
हे ज्ञान कागदावर नव्हते. कोणत्या जागी आडवा दांडा दिला असता हौदा वळणावर डुलत नाही, हे उस्तादाच्या हाताला माहीत असे आणि शागिर्दाला ते पाहून शिकावे लागे. शिवडीच्या जोडणीशी तुलना केली तर येथे एक फरक दिसतो. नागपूरचा कारागीर सूचनापत्रिकेबरहुकूम भाग बसवत नव्हता. तो वाहनाचा एक भाग स्वतः कल्पून बनवत होता.

२१/
खासगी बॉडी-बिल्डरांच्या जोडीला नागपुरात याच कामाचे एक सार्वजनिक घरही होते : एसटी महामंडळाची हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळा. महामंडळाच्या अशा तीन कार्यशाळा. पुण्याजवळ दापोडी, औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) चिकलठाणा आणि नागपुरात हिंगणा. कंपनीकडून चासी घ्यायची आणि बस आपल्या हातांनी बांधायची, ही एसटीची दशकानुदशकांची रीत.

२२/
एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. शरीर लाकडी, आसने काथ्याची. आरंभीच्या ताफ्यात शेवरले, फोर्ड, बेडफर्ड, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड अशी नाना जातींची चासी होती. एकाचा भाग दुसऱ्याला बसत नसे. अशा ताफ्याला चालते ठेवायचे तर स्वतःची कार्यशाळा असणे ही चैन नव्हती, गरज होती.

२३/
विदर्भ तेव्हा मध्य प्रांतात होता आणि नागपूरची प्रांतिक वाहतूक सेवा वेगळी होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात आले. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर १९६१ मध्ये मुंबई राज्याचे परिवहन महामंडळ, नागपूरची सेवा आणि मराठवाड्यातील निजामकालीन सेवेचा वारसा एका छत्राखाली येऊन आजचे महामंडळ घडले.

२४/
स्वतः बांधण्याचा लाभ अलीकडेही दिसला. एसटीच्या बसचा सांगाडा अनेक वर्षे ॲल्युमिनियमचा असे. तो हलका, पण अपघातात लवकर चेपणारा. २०१७-१८ च्या सुमारास महामंडळाने माइल्ड स्टीलच्या सांगाड्याकडे वळण्याचा निर्णय घेतला आणि नव्या बांधणीच्या बस रस्त्यावर आल्या. बांधणी आपल्या घरात असल्यामुळे, आपल्याच अपघातांवरून शिकून आपलीच गाडी बदलणे शक्य झाले.

२५/
पण नाण्याची दुसरी बाजू रस्त्यावर माणसे मारणारी आहे. हाताने बांधलेली प्रत्येक केबिन वेगळी. एका उस्तादाची भक्कम, दुसऱ्याची पत्रा आणि प्लायवूडची. टक्कर झाल्यास ती किती आत येईल, हे कोणी तपासलेले नसे. कारखाना एका नमुन्याची चाचणी घेऊन त्याच्या हजारो प्रती काढू शकतो. महिन्याला चार गाड्या बांधणाऱ्या गॅरेजने चाचणीसाठी केबिन फोडायची कशी?

२६/
म्हणून नियम आले : बसबांधणीसाठी एआयएस-०५२, ट्रकच्या केबिन आणि हौद्यासाठी एआयएस-०९३. १ जुलै २०२३ च्या पहाटे नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि २५ प्रवासी दगावले. अपघाताचे कारण काही असो. पेटत्या बसमधून बाहेर पडायला वाट होती का, हा प्रश्न थेट बांधणीपाशी जातो.

२७/
उष्णतेचा प्रश्नही बांधणीचाच. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि इंजिनाला खेटून असलेल्या पत्र्याच्या केबिनीत चालक दहा-बारा तास काढतो. नागपूरचेच खासदार नितीन गडकरी यांच्या खात्याने डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना काढली : १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या, साडेतीन टनांवरील एकूण वजनाच्या मालवाहू गाड्यांची केबिन वातानुकूलित असली पाहिजे.

२८/
बाजारही त्याच दिशेने सरकत होता. १९९८ मध्ये व्होल्वोने बंगळूरजवळ कारखान्यातच केबिन चढवलेले ट्रक बनवायला सुरुवात केली. पुढे भारतीय कंपन्यांनीही तोच मार्ग धरला. एसटीने २०२४ मध्ये अशोक लेलँडकडे २१०४ बसची मागणी नोंदवली, ती पूर्ण बांधलेल्या तयार बसची. चासी घेऊन बस बांधणारे महामंडळ आता पेटीतून काढताच धावणारी गाडी घेऊ लागले.

२९/
याला केवळ ऱ्हास म्हणणे चुकीचे ठरेल. कोरोनाचा काळ आणि २०२१-२२ चा दीर्घ संप यांतून गेलेल्या एसटीला जुन्या बसच्या जागी हजारो गाड्या लवकर हव्या होत्या. खेडेगावच्या फाट्यावर उभ्या विद्यार्थिनीला बस कोणी बांधली यापेक्षा ती येते की नाही हे महत्त्वाचे. आणि सुरक्षित, थंड केबिन ही ट्रकचालकाला कोणी केलेली मेहेरबानी नव्हे. ती उशिरा मिळालेली मजुरी आहे.

३०/
तरीही एक किंमत मोजली जात आहे. बांधणी गेली की हिंगण्यासारख्या कार्यशाळेकडे दुरुस्ती उरते. गाडी पुन्हा-पुन्हा एकाच ठिकाणी तडकत असेल तर आराखडा बदलण्याचा अधिकार तिच्याकडे राहत नाही. कंपनीला पत्र लिहावे लागते. गॅरेजमधल्या उस्तादाची विद्या तर कुठे लिहूनही ठेवलेली नाही. ती त्याच्याबरोबर निवृत्त होईल.

३१/
इतिहास येथे कोणत्याही एका बाजूने साक्ष देत नाही. शिवडीने दाखवले की जोडणी म्हणजे ज्ञान नव्हे. जमशेदपूरने दाखवले की पुढचा टप्पा ठरलेला असेल तर तीच जोडणी शाळा होते. नागपूरच्या गॅरेजांनी दाखवले की खरे ज्ञान गल्लीतही निर्माण होते. आणि हेही, की चाचणीशिवाय त्या ज्ञानाची परीक्षा अपघातात होते.

३२/
म्हणून ‘बांधावी की विकत घ्यावी’ यापेक्षा नेमका प्रश्न असा : गाडी मोडल्यावर ती का मोडली हे कोणाला कळते, आणि ती बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे? दापोडीला ॲल्युमिनियमकडून पोलादाकडे जाता आले, कारण कळणे आणि बदलणे एकाच छताखाली होते. तयार बस घेतानाही करारात तेवढी जागा राखता येते. १९५४ चा टाटांचा करार हे त्याचे जुने उदाहरण आहे.

३३/
उघडी चासी हाकत येणारा तो चालक आता रस्त्यावर क्वचितच दिसतो. त्याच्या डोळ्यांत धूळ जात नाही हे चांगलेच झाले. पण त्याची चासी ज्या अंगणात येऊन थांबायची, तेथल्या सुतार-लोहार-वेल्डरांना प्रमाणित बांधणीचे प्रशिक्षण आणि चाचणीची सोय मिळाली, तर त्यांचा हात नव्या नियमांतही टिकेल. नाहीतर शिवडीचेच पुन्हा घडेल : गाड्या धावतील, विद्या दुसरीकडे असेल.

(समाप्त)